लोकप्रशासन मायनर: परीक्षेपुरतं नाही

अर्थशास्त्र मेजरबरोबर लोकप्रशासन मायनर घेतलं तर एमपीएससीपलीकडे उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. परीक्षा द्यायची नसली तरी जरूर घ्या. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती, महाराष्ट्रात पंचायत राज कसं असावं हे सुचवणारी वसंतराव नाईक समिती, १ मे १९६२ ला सुरू झालेल्या जिल्हा परिषदा हे पुस्तकात येतंच. खरी गोडी मात्र ग्रामसभेत जाऊन बसल्यावर लागते. खर्चाला मंजुरी कोण देतं, सरपंचाचा अधिकार कुठे संपतो, हे डोळ्यांनी बघा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार दाखल्याला ठरलेली मुदत असते आणि ती टळली तर अपील करता येतं, हे मला याच अभ्यासात कळलं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं! फक्त कॉलेजात हा विषय शिकवायला प्राध्यापक आहेत ना, ते प्रवेशाआधी विचारून घ्या.