पहिली हाफ मॅरेथॉन (एकवीस किलोमीटर), दोस्तमंडळींसोबत : तुमचे अनुभव लिहा

तळ्याकाठची
काल रात्री भाचीचा फोन. "मावशी, आम्ही चौघींनी हाफला नाव दिलंय. जमेल ना गं?" जमेल की, म्हटलं. फोन ठेवला आणि झोपच उडाली. आमची पहिली साताऱ्याची हाफ सगळीच्या सगळी आठवली. म्हणून लिहायला बसले. तुम्हीही लिहा, पोरींना वाचायला देणार आहे.

आम्ही सकाळी सोलापुरात संभाजी तलावावर फिरायला जायचो. फिरता फिरता पळायला लागलो. एक नर्स, नाइट संपवून थेट यायची. एक बँकेतली. एक पूर्व भागातली, घरी तेलुगू, तिला आम्ही अक्काच म्हणतो. साताऱ्याची हिल हाफ म्हणजे यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं खाली यायचं. आपल्या सोलापुरात चढ कुठला? रेल्वेवरचे पूल तेवढे. मग पुलावरच वर-खाली, वर-खाली. एक भाजीचा टेम्पोवाला रोज ओरडायचा, "ताई, पलीकडं जायाचं असंल तर बसा की, सोडतो!"

ठरलं होतं की चौघींनी एकत्र पळायचं. घाट लागला तसं कळलं, बँकवालीचे पाय त्या दिवशी भलतेच मोकळे होते. ती आमच्यासाठी सारखी थांबायची, मागं बघायची. शेवटी अक्कानं तिला झापलं, "तू जा. तू थांबलीस की मला ओझं वाटतं." ती गेली. थोड्या वेळानं नर्सही गेली. मी अक्काबरोबर राहिले. बारीक पाऊस, धुकं, पुढची माणसं दिसेनात. अक्का विजेचा एकेक खांब धरून पावलं मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू… आणि खांब आला की परत ओकटी. दोन-चार खांबांनी मीही तेलुगूत मोजायला लागले. वर वळसा घेईपर्यंत आमचं दुसरं बोलणंच झालं नाही.

उतारावर शेवटच्या किलोमीटरला समोरून बँकवाली उलटी चालत येताना दिसली. गळ्यात मेडल, हातात सोललेली केळी. संपवून परत आमच्यासाठी वर आली होती. मग तिघी मिळून आत शिरलो.

पोरींना माझं एवढंच सांगणं आहे, कोण कोणाबरोबर राहणार आणि कोण पुढं गेलं तर चालेल, हे आधी बोलून घ्या. घाटात ठरवायला बसू नका.

हिप्परगा
अक्कांना नमस्कार सांगा. टेम्पोवाल्यालापण 😄

सत्तर_फूट_रोड
ताई मस्त लिहिलाव. पण मला ते पुढं जायाचं पटत नाही बघा. आमी सगळे एका टॉवेल कारखान्यातले. रात्रपाळी सुटली की अक्कलकोट रोडनं कुंभारीपर्यंत जाऊन माघारी. ट्रकवाले वळखायला लागले होते. पुण्याला पळायला शनिवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलो, सगळ्यांच्या गळ्यात आपल्याच मागावरचा टॉवेल. सोळा किलोमीटरच्या पुढं आमच्या एकाच्या पोटरीत गोळा आला. हात लावून बघितलं तर दगड झालेली पोटरी. बसला बे तो डिव्हायडरवर. मी त्याचा पंजा धरून गुडघ्याकडं वढला, दुसऱ्यानं टॉवेल ओला करून गुंडाळला, तिसरा मीठ-लिंबू आणायला पळाला. अडीच तासाची बस डोळ्यादेखत गेली. जाऊ दे म्हटलं. राहिलेलं सगळं त्याच्यासंगं चाललो. कारखान्यात आजून पण कुणाला माझं टायमिंग म्हाईत नाही. चौघं एका रांगेत आत आले हे समद्यांना म्हाईत हाय.

नेहा_जुळेसोलापूर
बस?? मॅरेथॉनमध्ये बस कुठून आली

सत्तर_फूट_रोड
@नेहा पेसर ओ ताई. झेंडा घेऊन पळतो, त्याच्या झेंड्यावर वेळ लिहिलेली असती. त्याच्या मागं जो घोळका असतो त्याला बस म्हणतेत. अडीच तासाच्या बसमध्ये टिकायचं तर किलोमीटरला सात मिनिटं नि वर थोडं.

कोजागिरीचा_वारकरी
एकवीसचं काय घेऊन बसलात. आपलं निम्मं सोलापूर कोजागिरीला तुळजापूरला चालत जातं की. पंचेचाळीसेक किलोमीटर, चपला घालून, काही जण तर अनवाणी. त्या रात्री हायवेवर गाड्या नसतात, नुसती माणसं. वाटेत चहा, केळी, खिचडी, पाय चेपून देणारे. आमची आई साठीतसुद्धा चालली. तिला कोणी मेडल दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका पाया पडून गेल्या.

तळ्याकाठची
@कोजागिरीचा_वारकरी काका, अगदी खरं. अक्काचं चालणं तिथूनच पक्कं झालंय. घाटातसुद्धा ती तुळजाभवानी आईचं नाव घेऊनच सुटली होती.

पायदुखीवाली_डॉक्टर
फिजिओ आहे, सोलापुरातच. ओपीडीच्या मधे लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

चढापेक्षा उतार जास्त दुखवतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणत असतानाच ब्रेक लावत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. लांब ढांगा टाकू नका, छोटी पावलं. बूट अंगठ्याच्या पुढं थोडी जागा राहील असे घ्या, नाहीतर उतारावर बोटं आपटून नखं काळी पडतात. आणि शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको. बूट, मोजे, खाणं, सगळं लाँग रनला, म्हणजे सरावातल्या लांब पळण्याला, वापरून झालेलं हवं. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन.

पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन ग्लास साधं पाणी ढोसणारे येतात. हळू पळणाऱ्यांना जास्त वेळ लागतो, तेवढं जास्त पाणी पोटात जातं आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रमिष्टासारखं बोलणं, अशी लक्षणं असली तर आणखी पाणी पाजू नका, मेडिकलवाल्यांना हाक मारा. ओआरएस पूर्ण पाकीट त्याच्यावर लिहिलेल्या पाण्यात, अंदाजपंचे नाही. आणि दुखू नये म्हणून आधीच पेनकिलर घेऊन पळू नका, अंगात पाणी कमी असताना त्याचा मूत्रपिंडावर ताण येतो. हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी घेतंच.

दोस्तांचा मोठा फायदा सांगू? सरावात बोलता आलं पाहिजे. सलग वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. एकट्यानं पळताना हे कळत नाही, गप्पा मारत पळताना आपोआप कळतं.

शेंगाचटणी
डॉक्टर, लाँग रनच्या आधी काय खायचं? आमच्याकडे सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला असतो, तो चालेल का

पायदुखीवाली_डॉक्टर
सुशीला चालेल, मिरची कमी आणि दाणे कमी. पळायच्या दीड-दोन तास आधी. शेंगाचटणी आल्यावर खा 🙂

बाळीवेस
आल्यावर इडली. पूर्व भागातली, गाड्यावरची. आमचा ग्रुप टिकलाय तो त्या इडलीमुळेच, पळण्यामुळे नाही.

हिप्परगा
कडक भाकरी खिशात ठेवून पळणारा माणूस मी बघितलाय. खरंच. चुरा होत नाही, वितळत नाही, म्हणतो याच्यापुढं तुमचं ते पळताना खायचं एनर्जी जेल काय.

मुंबईत_सोलापूरकर
आम्ही कॉलेजचे मित्र, निम्मे गावी निम्मे इकडे. पहिली हाफ मुंबईची, जानेवारीतली. गावाकडचे सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी माझ्या खोलीवर. दहा बाय बारात सात माणसं, सगळ्यांचे बूट खिडकीत.

सोलापूरच्या उन्हात तयार झालेली पोरं, त्यांना वाटलं मुंबईची थंडी म्हणजे काहीच नाही. पण आपल्याकडं हवा कोरडी, घाम आला की उडून जातो, बनियनवर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. इथं घाम उडतच नाही, अंगावरच राहतो आणि अंग तापत जातं. सी-लिंकवर आलो तेव्हा सगळे गपगार. पण काय दिसतं ते! एरवी त्या पुलावर पायी पाऊल ठेवता येत नाही. खाली समुद्र, उजाडायला लागलेलं, आणि आमच्यातला एक (वडील गिरणीतले, ती बंद पडल्यावर रिक्षा चालवली) फोन काढून व्हिडिओ कॉलवर वडिलांना समुद्र दाखवत पळतोय. वडील विचारतायत, "अरे पण गाड्या कुठायत?" आम्ही सगळे त्याच्या वेगानं चाललो, रेंज जाऊ नये म्हणून. त्या कॉलसाठी गेलेली मिनिटं मला आजही परत नकोत.

नेहा_जुळेसोलापूर
🥹🥹 वडील कसे आहेत आता?

मुंबईत_सोलापूरकर
ठणठणीत. रोज पार्क चौपाटीपर्यंत चालत जातात.

करमाळ्याचा
अविनाश साबळेचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. २०२० ला दिल्लीत हाफ ६० मिनिटं ३० सेकंदांत. ६१ मिनिटांच्या आत येणारा पहिला भारतीय. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत! आमच्या ग्रुपमधल्या एकानं त्या वेगानं पळून बघितलं, दोनशे मीटर टिकला आणि मग तिथंच बांधावर आडवा.

तळ्याकाठची
आणि साताऱ्याला जाताना म्हसवड-दहिवडीकडनं गेलो तर माण तालुका लागतो. ललिता बाबर तिथली, मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलमध्ये होती. जीपमधून ते माळरान बघत गेलो आणि नर्स म्हणाली, इथं पळून ती तिथं पोचली, आपण घाट चढूच.

चारपुतळ्याजवळ
मी पळाले नाही कधी. पाण्याच्या स्टॉलवर उभी असते. मैत्रिणी पळतात म्हणून मी पाणी देते, असं आमचं ठरलंय. ग्लास वरून धरायचा नाही, तळाशी धरून हात लांब करायचा म्हणजे पळणाऱ्याला वरून चिमटीत घेता येतो. अर्ध्याच्या वर भरायचा नाही. पुढचे लोक बघतसुद्धा नाहीत, झडप घालून जातात. मागचे थांबतात, "थँक्यू ताई" म्हणतात, कोणी विचारतं, अजून किती राहिलं. तेव्हा "झालंच आता" असं खोटं सांगायचं नाही. खरा आकडा सांगायचा, माणूस त्याच्यावर हिशोब करत असतो. शेवटच्या येणाऱ्यांसाठी पाणी राखून ठेवणं हे स्टॉलवरचं सगळ्यात मोठं काम. एका ठिकाणी माझ्या मैत्रिणीला शेवटी शेवटी कोरडे पिंप बघायला लागले होते, तेव्हापासून मी दोन कॅन टेबलाखाली झाकूनच ठेवते.

सत्तर_फूट_रोड
ताई तुमच्यासारख्या मान्सांमुळं आमी पोचतो 🙏 त्या दिवशी मीठ-लिंबू पण अशाच एका ताईनं दिलं, सवताच्या डब्यातलं.

जुना_पेठकर
पुढं जायचं की थांबायचं यावर माझं मत. आम्ही दोघं सख्खे मित्र, मी सबंध वेळ त्याच्याबरोबर थांबलो. त्यानं नंतर महिनाभर धड बोलणं केलं नाही. म्हणाला, तू मागं बघून बघून मला लंगडा करून टाकलंस. पोटरीत गोळा आला तर थांबलंच पाहिजे, तिथं सत्तर_फूट_रोड यांचं शंभर टक्के बरोबर. पण नुसता हळू आहे म्हणून कोणाला सोबतीची दया दाखवू नये. त्याला विचारावं. आता आम्ही सुरुवातीला हात मिळवतो आणि थेट नाश्त्याला भेटतो. मैत्री शाबूत आहे.

सत्तर_फूट_रोड
हे पटलं काका. विचारावं हे बराबर.

नेहा_जुळेसोलापूर
मला पण सुरू करायचंय. आत्ता सलग दोन किमी होतात कसेबसे. तीन महिन्यांत हाफ होईल का?

पायदुखीवाली_डॉक्टर
घाई नको. आधी पाच, मग दहाची शर्यत, मग हाफ. सहा-आठ महिने हाताशी ठेव. आठवड्यातला एकच दिवस लांब पळायचं, बाकी दिवस सोपं. मार्चनंतर आपल्याकडं सहाच्या आत आटपायला लागतं, तो हिशोब धर. बऱ्याच ठिकाणी तीन-साडेतीन तासांचा कटऑफ असतो, तेवढ्यात संपवायचं. तीन तास म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं. मधे मधे चालूनही होतं.

बाळीवेस
आणि वेळ चिपवर मोजतात, ती बिबला (छातीवरच्या नंबरला) मागं असते. सुरुवातीच्या पट्टीवर पाय पडला की तुझं घड्याळ सुरू. गर्दीत मागं राहिलीस तरी घाबरू नकोस.

नेहा_जुळेसोलापूर
थँक्यू सगळ्यांना. अडचण वेगळीच आहे. मुलगा तीन वर्षांचा, नवरा फिरतीवर. पहाटे त्याला कुठं ठेवू?

तळ्याकाठची
संभाजी तलावावर घेऊन ये. नर्सची सासू रोज येते, गुडघ्यामुळे फिरत नाही, बाकावर बसून असते. आमच्या सगळ्यांच्या किल्ल्या, मोबाइल, स्वेटर तिच्याकडेच. एक पोरगं जास्त झालं तर तिला आनंदच आहे.

चारपुतळ्याजवळ
रविवारी मीपण येते. त्याला चित्रांची पुस्तकं आणते.

नेहा_जुळेसोलापूर
खरंच येऊ? तो सकाळी उठला की दूध मागतो लगेच

तळ्याकाठची
थर्मास आण. पावणेसहाला, विजापूर रोडच्या बाजूला. त्याला कानटोपी घाल, पाण्यावरचं वारं गार असतं.

शेंगाचटणी
इडलीला मोजा मला. पळायचं नंतर बघू.