एकच मजकूर, तीन फायली: दुरुस्ती एकदाच कशी करावी?

उदगीरचा डीटीपीवाला
बसस्टँडजवळ झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. एका शेतकरी कंपनीची सोयाबीनची पुस्तिका दर खरिपाला मीच करायलो. 24 पानं, ए-5. छापायला पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), व्हॉट्सॲपला मोठ्या अक्षरातली पीडीएफ, सरांना तपासायला वर्ड. एकाच मजकुराची तीन लेकरं, तिघं तीन वळणाची.

यंदा मूळ मजकुरात "एकरी 75 किलो बियाणं" पडलं होतं. 75 हेक्टरी असतं, एकरी 30. सरांनी प्रूफवर लाल पेनानं गोल केला, मी पेजमेकरमध्ये नीट केलं, छापून झालं. व्हॉट्सॲपची फाईल तशीच राहिली. पेरणीच्या तोंडावर एकाचा फोन, "तीन एकराला सव्वादोन क्विंटल बी घेऊ का ओ?" पोटात गोळाच आला.

एका जागी बदललं की तिन्हीकडं जाईल असं काही आहे का? मजकूर जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरला कळणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टात आहे.

नांदेडकर
आधी युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टरमधून काढल्यावर पहिलं 'शेतकऱ्यांना' बघा. बऱ्याचदा 'शेतकर्यांना' होऊन येतं. पण सगळीकडं एकदम 'र्या'चं 'ऱ्या' करू नका. मी केलं होतं, 'कार्यालय'चं 'काऱ्यालय' अन् 'पर्याय'चा 'पऱ्याय' झाला. हातानंच निस्तरावं लागलं.

मग साध्या टेक्स्ट फाईलमध्ये मार्कडाउननं, म्हणजे साध्या खुणा टाकून लिहा. मथळ्याआधी हॅश, ठळक शब्दाला दोन्हीकडं दोन-दोन तारे, बास. ती फाईल पॅनडॉकला, म्हणजे फाईलीचं रूप बदलणाऱ्या प्रोग्रामला दिली की वर्ड, पीडीएफ, ईपब (ई-पुस्तक) सगळं निघतं. फुकट आहे. 2006 साली बर्कलीच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं, जॉन मॅकफार्लेननं सुरू केलं. पीडीएफसाठी झीलेटेक हे पीडीएफ बनवणारं इंजिन वापरा, नेहमीचं पीडीएफलेटेक देवनागरीला अडतं.

उदगीरचा डीटीपीवाला
रात्री बसून केलं. वर्ड छान आली. पीडीएफ मात्र कोरी! नुसते आकडे दिसायलेत: 30, 75, 45, 5. मजकूर गेला कुठं?

परभणीचा मास्तर
झीलेटेकच्या ठरलेल्या फॉन्टात देवनागरी नाही, म्हणून. पॅनडॉकच्या मेनफॉन्ट या सेटिंगला नोटो सेरिफ देवनागरी हा फॉन्ट द्या. तेवढ्यावर थांबलात तर 'पिकाची'तली पहिली वेलांटी 'प'च्या पुढं जाऊन बसेल आणि जोडाक्षरं सुटी पडतील. फॉन्टच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट देवनागरी आहे हेही सांगावं लागतं.

छापायची आणि मोबाईलची पीडीएफ एकाच फाईलमधून काढा, फक्त कागदाचा आकार अन् अक्षर वेगळं द्या. सहा रकान्यांचा खताचा तक्ता फोनवर कापला जातो, तो मुळातच तीन-तीन रकान्यांचे दोन करा. वर्डचं रूप बदलायचं तर एका नमुना फाईलमध्ये स्टाईल ठरवून ती पॅनडॉकला दाखवा. देवनागरीचा फॉन्ट वर्डमध्ये वेगळ्या खान्यात असतो, तिथंच बदला. नाहीतर फक्त इंग्रजी बदलतं.

लातूरचा छापखाना
उगं भुलू नका. फोटोभोवती मजकूर वळवायचा, मथळ्याला पट्टी, ही पेजमेकरची हौस यात सहजी भागत नाही. मी मुखपृष्ठ कोरलड्रॉमध्येच करतो, आतली पानं पॅनडॉकनं. आणि सॉफ्टवेअरपेक्षा माणसं अवघड. निघालेल्या फाईलीत कुणी हात घातला की तुमची तीन लेकरं पुन्हा तीन वाटांना.

उदगीरचा डीटीपीवाला
जमलं! 30 एका जागी लिहिलं, तिन्हीकडं 30. वेलांटीही जागेवर आली, मास्तरांचे उपकार.

वर्डच्या पहिल्या ओळीत ठळक लिहून पाठवलं, "या फाईलीत दुरुस्ती करु नये, फोनवर कळवावे." सरांची फाईल आज परत आली. 'करु'चं 'करू' केलंय.