गिटार नाही, मोहॉकसारखे उभे केस नाहीत, तरी पोरं म्हणतात हे पंक आहे. तुमचं मत काय?

खरखरती_कॅसेट

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतो. मी कॉलेजपासून पंक रॉक ऐकतोय, रामोन्स, क्लॅश, बझकॉक्स, डेड केनेडीज हे सगळे बँड, आणि माझ्या लेखी पंक म्हणजे दोन मिनिटांचं गाणं, कान फाटतील अशी गिटार आणि समोर कोण बसलंय याची पर्वा न करता तोंडावर बोलणं. आता पुतणी सतरा वर्षांची झालीये, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून गाणी करतात, बीट लॅपटॉपवर, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलेला, मागे कोणीतरी दार आपटल्याचा आवाज आलाय तो पण तसाच ठेवलाय. एक गाणं तर अख्खं अशा मोठ्या माणसांवर आहे जे मुलींना सारखं 'जरा हसत जा' म्हणून सांगतात. ती म्हणते काका हे पंक आहे. मी विचारलं गिटार कुठाय, तर म्हणाली तुमच्या वेळी गिटार हाताशी होती, आमच्या हाताशी हे आहे.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे मूळ पंक काचेच्या पेटीत जाऊन बसलंय. २०१३ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने पंक आणि फॅशनवर मोठं प्रदर्शन भरवलं. २०१६ ला लंडनमध्ये पंकच्या चाळिशीचे कार्यक्रम झाले तेव्हा सेक्स पिस्तल्स बँडचा मॅनेजर माल्कम मॅकलॅरेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांच्या मुलाने, जो कोरेने, स्वतःकडचा पंकच्या जुन्या वस्तूंचा साठा थेम्स नदीत बोटीवर ठेवून जाहीरपणे जाळला, ५० लाख पौंडांचा माल आहे असं तो सांगत होता. त्याचा राग मला समजतो, कारण ज्यांच्याविरुद्ध ओरडलो त्यांनीच सत्काराला बोलवायचं म्हणजे काय. पण जाळून पुढे काय?

तर विचारायचं हे की नवी पोरं पंकमधून नेमकं काय उचलतात आणि काय टाकून देतात? आणि जे उचलतात त्याला अजून बंडखोरी म्हणता येईल का? 'आमच्या वेळचं खरं होतं' छाप वाद नकोय, मला खरंच समजून घ्यायचंय.

---

तीन_कॉर्ड

पुतणीचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आणि त्याचं कारण १९७७ मध्येच सापडतं.

बझकॉक्स तुम्ही ऐकता म्हणजे त्यांची स्पायरल स्क्रॅच ही रेकॉर्ड माहीत असणारच. १९७६ च्या डिसेंबरमध्ये मँचेस्टरला रेकॉर्ड केली, घरच्यांकडून मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन, आणि जानेवारी १९७७ मध्ये न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचंच लेबल (रेकॉर्ड कंपनी) काढून बाजारात आणली. कव्हरवर पोलरॉइड फोटो. मागच्या बाजूला कुठलं गाणं कितव्या टेकमध्ये, म्हणजे कितव्या प्रयत्नात, झालं ते सरळ छापून टाकलं, म्हणजे ज्याने ती रेकॉर्ड हातात घेतली त्याला कळावं की यात काही जादू नाही, तुम्ही पण करू शकता. बोअरडम गाण्यातला गिटार सोलो आठवा, दोनच सूर, तेच परत परत. तेव्हा दहा-दहा मिनिटांचे सोलो वाजवणारे देव होते आणि हा माणूस दोन सुरांवर थांबला!! सुरुवातीला हजार प्रती काढल्या होत्या, नंतर मागणी इतकी आली की हजारोंनी खपल्या.

त्याच महिन्यात साइडबर्न्स नावाच्या झेरॉक्स टाइप फॅनझीनमध्ये (झीन म्हणजे चाहत्यांनी स्वतः छापलेलं छोटं मासिक) ते प्रसिद्ध चित्र आलं, हाताने काढलेले गिटारचे तीन कॉर्ड आणि खाली 'आता बँड काढा'. त्या चित्रात कुठेही लिहिलेलं नाही की बँड गिटारचाच पाहिजे किंवा केस उभेच पाहिजेत. गिटार होती कारण सेकंडहँड गिटार मिळत होती आणि छापायला झेरॉक्स मिळत होतं. आज पोरीच्या हातात मोबाईल आहे तर ती मोबाईल वापरणार, आणि दाराचा आवाज ठेवला ना तिने? तो कव्हरवर टेक नंबर छापण्यासारखाच प्रकार आहे, गाणं घरात झालंय हे लपवायचं नाही.

मला विचाराल तर पोरं एकच गोष्ट उचलतात आणि तीच महत्त्वाची, परवानगी मागायची नाही. बाकी चामड्याची जॅकेटं वगैरे गेली तर गेली.

---

पुढच्या_रांगेतली

तीन_कॉर्ड यांना +१ पण मला यात एक भर घालायचीय आणि जरा लांबण लागेल, आधीच सांगते.

परवानगी न मागणं ठीक, पण कोणाकडे? आपण दरवेळी सरकार, इंग्लंडची राणी, रेकॉर्ड कंपन्या इतकंच बोलतो. माझ्या मते प्रत्येक नव्या पिढीने पहिलं बंड केलंय ते आधीच्या पंकवाल्यांच्याच विरुद्ध आणि तिथेच पंकमध्ये परत जीव आलाय.

नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेत ऑलिंपियाला काय चाललं होतं बघा. हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान पंकच्या, गिगला (कार्यक्रमाला) स्टेजसमोर धिप्पाड मुलांची धक्काबुक्की, मुली मागे भिंतीला टेकून मित्रांचे कोट सांभाळत उभ्या. सगळे एकमेकांना बंडखोर म्हणवून घेत होते आणि मुलींना पुढे उभं राहायला जागा नव्हती. मग बिकिनी किल बँडची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायला लागली की मुलींनो पुढे या, मुलांनो मागे सरका. गाण्याचे शब्द छापलेले कागद मुलींना वाटायच्या. इतकी साधी गोष्ट, पण त्यावरून लोक चिडायचे, गिगमध्ये त्यांना शिव्या खाव्या लागल्या. रायट गर्ल या मुलींच्या पंक चळवळीचा जाहीरनामा १९९१ मध्ये त्यांच्याच झीनमध्ये आला, हाताने चिकटवलेला, कॉपी काढलेला. त्यांनी क्लॅशकडून शिकलेलं सगळं वापरलं आणि ते क्लॅश ऐकणाऱ्या मुलांवरच रोखलं.

आणि हे काही नव्वदला सुरू झालेलं नाही हो. एक्स-रे स्पेक्स बँडची गायिका पॉली स्टायरीन १९७७ मध्येच होती, वडील सोमाली, दातांना तारा, आणि सुंदर दिसायची तिने कधी पर्वा केली नाही. डेट्रॉइटच्या डेथ बँडची गोष्ट तर मला फार जवळची आहे. तीन कृष्णवर्णीय भाऊ, हॅकनी बंधू, १९७५ लाच गाणी रेकॉर्ड करून बसले होते, म्हणजे रामोन्सचा पहिला अल्बम यायच्या आधी. मोठ्या लेबलकडून नाव बदला असा आग्रह झाला, यांनी बदललं नाही, अल्बम राहिला पडून. बाहेर आला थेट २००९ मध्ये. मधल्या काळात बॉबी हॅकनी यांची मुलं मोठी झाली, स्वतः पंक वाजवायला लागली आणि आपल्या वडिलांनी हे सगळं आधीच करून ठेवलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता! जुनी दुर्मिळ सिंगल (एकदोन गाण्यांच्या रेकॉर्ड) जमवणाऱ्या लोकांमध्ये डेथचं एक गाणं फिरत होतं, तिथून मुलाच्या कानावर गेलं आणि त्याने वडिलांचा आवाज ओळखला. मग मुलांनी रफ फ्रान्सिस नावाचा बँड काढून वडिलांची गाणी लोकांसमोर वाजवली. पंक पुढच्या पिढीकडे जातं म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यात वडिलांनी मुलांना बसवून शिकवलं असं कुठेच नाहीये.

आता आजचं. लिंडा लिंडाज ऐकल्यात का? लॉस एंजेलिसच्या चार मुली. मे २०२१ मध्ये सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांपुढे उभं राहून वाजवलं, सगळ्यात लहान ड्रमर मिला तेव्हा दहा वर्षांची. गाण्याआधी ती शांतपणे सांगते की लॉकडाऊनच्या जरा आधी वर्गातला एक मुलगा आला आणि म्हणाला माझ्या बाबांनी सांगितलंय चिनी लोकांपासून लांब राहा, हिने सांगितलं मी चिनी आहे, तर तो मागे सरकला. मग त्या मुली त्या मुलावर किंचाळतात. त्यात कुठे राणी नाही, क्रांती नाही, पण त्या वयाच्या मुलीसाठी तेच तर सगळं जग आहे ना. त्यांच्यातल्या थोरलीचं वय सोळा होतं आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, त्यांनी बिकिनी किलच्याच शोला ओपनिंग केलेलं. म्हणजे धागा सुटलेला नाही, फक्त रोख बदललाय.

त्यामुळे खरखरती_कॅसेट, 'हसत जा' वाल्या गाण्यात तुमच्यासारखे काकालोक पण आले असतील तर वाईट वाटून घेऊ नका, तसं असेल तर ते गाणं अगदी जागेवर लागलंय.

---

रात्रपाळी

वरचं सगळं मान्य करून एक शंका मांडतो.

इंग्लंडच्या क्रास बँडने १९७८ मध्येच पंक मेलं म्हणून गाणं केलं होतं, कारण तेव्हाच ते विकायला लागलं होतं. पण त्यांनी नुसतं म्हटलं नाही, कव्हरवर 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' असं छापून रेकॉर्ड स्वस्तात विकल्या. अमेरिकेच्या फुगाझी बँडने वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि गर्दीत कोणी दांडगाई केली तर गाणं थांबवून त्याचे पैसे परत देऊन बाहेर काढायचे. बर्कलीच्या ९२४ गिलमन या पंक क्लबने ग्रीन डे मोठ्या लेबलकडे गेले म्हणून त्यांना दार बंद केलं, घरचाच बँड असून! म्हणजे बंड गाण्यात होतंच पण पैसा कसा फिरतो त्यातही होतं, आणि ते पाळायला काहीतरी सोडावं लागत होतं.

आज पोरांची गाणी ज्या ॲपवर जातात ते ॲप त्यांचं नाही, कोणाला दाखवायचं ते ॲप ठरवतं, आणि राग जितका जास्त तितका वेळ लोक स्क्रीनवर थांबतात म्हणून राग त्या कंपनीला परवडतोच. झेरॉक्सच्या मशीनला तुमच्या झीनमध्ये काय लिहिलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला पोरांच्या प्रामाणिकपणाबद्दल अजिबात शंका नाही पण ज्याला तुमचा राग परवडतो त्याच्या घरात राहून बंड किती दिवस टिकणार? मला वाटतं नव्या पिढीचं खरं बंड इथे व्हायला हवं आणि काही ठिकाणी होतंय पण, पोरं परत कॅसेटी काढतायत, स्वतः छापलेले झीन गिगला विकतायत, बँडकॅम्पवर थेट ऐकणाऱ्याकडून पैसे घेतायत. गाणं कसं वाजतं यापेक्षा मी आधी ते बघतो.

---

भरतीची_लाट

रात्रपाळी यांचा मुद्दा पटतो पण आपण सगळे लंडन-अमेरिकेतच फिरतोय. जिथे पंक असणं अंगावर येतं तिथे नवी पोरं काय करतायत ते पण बघू.

इंडोनेशियातल्या आचेमध्ये डिसेंबर २०११ ला एका गिगवर पोलिसांनी धाड टाकून साठहून जास्त पोरापोरींना उचललं, मोहॉक भादरले, तळ्यात उतरवून अंघोळ घातली आणि 'सुधारण्यासाठी' पोलीस केंद्रात ठेवलं. तिथे केस उभे करणं ही फॅशन नव्हती, त्याची किंमत मोजावी लागत होती. रशियात पुसी रायट या मुलींच्या गटाने फेब्रुवारी २०१२ मध्ये मॉस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मिनिटभर गाणं म्हटलं आणि तिघींना दोन दोन वर्षांची शिक्षा झाली, एकीची पुढे अपिलात स्थगित झाली. म्यानमारमध्ये यांगूनचे रेबेल रायट बँडवाले गाणी पण करतात आणि रस्त्यावरच्या लोकांना जेवण पण वाटतात.

आणि अगदी अलीकडचं, इंडोनेशियाचाच सुकातानी बँड. मध्य जावातल्या पुरबलिंग्गाचे दोघं, तोंडावर मुखवटे, सिंथेसायझरवर वाजवलेलं पंक (पुतणीला सांगा, लॅपटॉपवाल्यांची जमात मोठी आहे), आणि गिगमध्ये लोकांना भाज्या वाटतात. त्यांचं एक गाणं आहे पोलिसांच्या चिरीमिरीवर, जिथे जाल तिथे पैसे द्या, इतकंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते दोघं अचानक मुखवटे काढून व्हिडिओत आले, पोलीसप्रमुखांची माफी मागितली आणि गाणं सगळीकडून काढून घेतलं. बघताना पोटात गोळा येतो. मग काय झालं, त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांचे मोर्चे चालू होते, तिथे पोरांनी तेच गाणं रस्त्यावर म्हणायला सुरुवात केली, हजारो लोक, बँडशिवाय. गाणं ॲपवरून काढता आलं पण तोवर ते लोकांना पाठ झालं होतं. नंतर पोलीसप्रमुखांनी त्यांना पोलिसांचे दूत व्हा म्हणून ऑफर दिली ती त्यांनी नाकारली.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की गाणं ॲपच्या बाहेर गेलं पाहिजे, आणि दोन ओळींचं सोपं गाणं बाहेर जातं. ते पंकला आधीपासून जमतं.

---

खरखरती_कॅसेट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सुकातानी काल रात्री ऐकलं आणि परत परत ऐकलं. रॅप हे आजचं पंक आहे असं कोणी म्हणेल असं वाटत होतं पण ते बरं झालं कोणी म्हटलं नाही, त्याचं घर वेगळं आहे आणि ते भक्कम आहे.

डेथ आणि रफ फ्रान्सिसचं पुतणीला सांगितलं, ती म्हणाली म्हणजे काका तुम्ही काही शिकवू नका, फक्त कॅसेटी घरात ठेवा. ठेवतो म्हटलं.

आता एक व्यावहारिक प्रश्न. त्यांना एका गिगला बोलावलंय, पाच गाणी वाजवायचीत, आणि तिघींना टेन्शन आलंय की ड्रमर नाही तर लोक लॅपटॉप बघून हसतील. ड्रमर शोधावा का?

---

तीन_कॉर्ड

अजिबात नको. पॅरिसचा मेटल उरबाँ हा बँड १९७६-७७ पासून ड्रम मशीनवर पंक वाजवत होता. शिकागोच्या बिग ब्लॅक बँडने तर रोलंड कंपनीचं ड्रम मशीन वापरलं आणि अल्बमवर ड्रम कोणी वाजवले तिथे 'रोलंड' असंच नाव टाकलं, बँडमधल्या माणसासारखं.

लॅपटॉप स्टेजच्या मधोमध ठेवा, बाजूला लपवू नका. बीटचा आवाज वेगळा स्पीकरला द्यायला सांगा म्हणजे शब्द दबणार नाहीत, 'हसत जा' मधले शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले पाहिजेत. आणि ते गाणं पहिलं घ्या, शेवटी नको.