मदत हवी आहे: कोलायटिस आणि अ‍ॅलर्जी, दोन्ही एकत्र बघणारं पुण्यात कोणी?

धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण) आहे, सूज उतरवणाऱ्या मेसालामिनच्या गोळ्या चालू आहेत. धुळीची अ‍ॅलर्जी आणि दमा जुनाच. यंदा पावसाळा सरताना शिंका सुरू झाल्या आणि त्याच सुमाराला शौचातून रक्तही. आतड्याच्या बायोप्सीत इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, रक्तात एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीतली प्रतिपिंडं) जास्त.

विचारायच्या आधीच सांगते: जंतांची तपासणी झाली, काही निघालं नाही. सी. डिफिसिल (जुलाब करणारा आतड्यातला जिवाणू) निगेटिव्ह. कॅलप्रोटेक्टिन (शौचाच्या तपासणीत दिसणारी आतड्याच्या सुजेची खूण) अजून चढंच. दूध बंद करून पाहिलं. गॅस कमी झाला, रक्त नाही. (लॅक्टोज न पचणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, एवढं कळतं.) मेसालामिनच सोसत नसेल का, हेही विचारलं; पण इओसिनोफिल दिसले ती बायोप्सी गोळ्या सुरू व्हायच्या आधीची आहे. औषध स्वतःहून बंद करणार नाही.

एका लॅबने शंभरावर पदार्थांची आयजीजी (आयजीईहून वेगळी प्रतिपिंडं) तपासणी गळ्यात मारायला घेतली होती. आयजीजी ही तो पदार्थ खाण्यात असल्याची खूण, अ‍ॅलर्जीची नव्हे, तेव्हा ती कृपया सुचवू नका. वजन उतरलंय, म्हणून गहू-डाळी-दाणे एकदम बंद करणारा आहारही नको.

कोलायटिसमध्ये आयएल-१३ (पेशींमधला एक निरोप्या प्रथिन), मास्ट पेशी (हिस्टामिन सोडणाऱ्या) ही अ‍ॅलर्जीतलीच मंडळी आतड्यात सापडतात असं वाचलं. पण पोटाचे डॉक्टर म्हणतात अ‍ॅलर्जी वेगळी, अ‍ॅलर्जीवाले म्हणतात पोटाचं त्यांनाच विचारा.

इओसिनोफिल किंवा आयजीई बघून तुमच्या डॉक्टरांनी कोलायटिसच्या उपचारात खरंच काही बदललं का? आणि कोथरूड-डेक्कनकडे दोन्ही बाजू एकत्र बघणारं कोणी माहीत आहे का?