पॅजेटच्या आजारात नस दबतेच असे नाही
पॅजेटच्या आजारात, म्हणजे हाडांची झीज आणि नवी बांधणी बिघडून हाडे जाड पण कमजोर होण्याच्या विकारात, कवटीचे हाड जाड होते, श्रवणाची नस दाबली जाते आणि म्हणून बहिरेपणा येतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ऐकू कमी येते हे खरेच आहे, पण नस दबणे हे त्याचे नेहमीचे कारण नव्हे. सीटी स्कॅनच्या अभ्यासांत दिसले ते असे, की आतल्या कानातील गोगलगायीच्या आकाराच्या शंखाभोवतीचे हाड, जे एरवी शरीरातील सर्वांत घट्ट हाडांपैकी असते, ते या आजारात विरळ होत जाते, आणि ते जितके विरळ तितके ऐकू येणे कमी.

माझ्या मामांची नेहमीची टोपी कपाळावर रुतू लागली, तेव्हा आम्हाला वाटले की ती धुऊन आटली असावी; खरे तर पॅजेटमुळे त्यांची कवटीच जाड होत होती. पुढे त्यांच्या श्रवणचाचणीच्या आलेखात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या दोन रेघांमध्ये खालच्या स्वरांना स्पष्ट अंतर दिसले. असे अंतर ओटोस्क्लेरोसिस या कानाच्या दुसऱ्या आजारातही असते, कारण तिथे रिकिबीच्या आकाराचे चिमुकले हाड जखडते आणि शस्त्रक्रियेने पुष्कळदा गुण येतो. पॅजेटमध्ये मात्र ते हाड बहुधा मोकळेच असते, म्हणून त्या शस्त्रक्रियेचा सहसा उपयोग होत नाही. मामांना श्रवणयंत्राने दिलासा मिळाला. दोन्ही आजारांत आलेख सारखा दिसू शकत असल्याने, कवटीचा एक्स-रे आणि रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज (पॅजेटमध्ये सहसा वाढणारे विकर) पाहिल्याशिवाय कानाच्या अशा शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.