२०३० चा फोन केवढा असेल आणि कितीला पडेल?

कृष्णाकाठ (सांगली)
सगळीकडं एकच चाललंय की अजून चार-पाच वर्षांत टॅबलेट संपणार, फोनच उघडला की टॅबलेट होणार. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते २०३० ला पण आपल्याकडं बहुतेकांच्या खिशात साधाच न दुमडणारा पावणेसात इंची फोन असणार, रॅम-बॅटरी वगैरे स्पेक्स आत्ता आहेत तेवढेच आणि किंमत मात्र वाढलेली.

आधी साईजचं बघा. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप. २०१७ चा रेडमी नोट ४ साडेपाच इंची होता, आत्ताचे ६.७, ऐकायला लय मोठा फरक वाटतो, पण स्क्रीनची रुंदी काढली तर तेव्हा ६८ मिमीच्या आसपास होती आणि आता ७० ला टेकलीय. फोन फक्त उंच झालाय. आपला पंजा काय वाढणार नाही त्यामुळं रुंदी इथंच थांबणार. आणि नेहमीचा आडवा व्हिडिओ लावला की दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात, मधलं चित्र साडेपाच-पावणेसहा इंचाचंच राहतं! म्हणजे मोठं बघायचं असेल तर टॅबलेट लागणारच.

किंमत का वाढणार, तर मेमरी. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तीन कंपन्यांच्या हातात बहुतेक सगळा रॅमचा धंदा आहे, त्यांनी एआय सर्व्हरच्या मेमरीकडं मोर्चा वळवलाय आणि २०२५ च्या शेवटापासून फोनच्या रॅमचे दर भडकलेत. ह्याचा मार लाखाच्या फोनला नाही, बारा-पंधरा हजारवाल्याला बसतो. त्यात एप्रिल २०२० ला जीएसटी १२ चा १८ टक्के झाला तो २०२५ च्या कपातीत पण तसाच राहिला.

बागायतदार_तासगाव
दादा तुमचं रुंदीचं गणित बरोबर असेल पण टॅबलेट घेऊन द्राक्षबागेत कोण फिरणार? आमचं काम असं की पान उलटं करायचं, डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग दिसतोय का बघायचं, तिथंच फोटो काढून सल्लागाराला व्हॉट्सॲपला टाकायचा, दुपारी बारा वाजता मांडवाबाहेर उन्हात. तिथं इंच नाही, उजेड आणि बॅटरी बघायची. आणि "स्पेक्स आहे तेवढेच राहणार" हे तर साफ चूक आहे. सिलिकॉन-कार्बन बॅटरी आल्यापासून त्याच जाडीत ७००० एमएएच बसायला लागलेत. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाईटपेक्षा सिलिकॉनमध्ये चार्ज जास्त मावतो, फक्त ते फुगतं म्हणून कार्बनमध्ये मिसळून वापरतात.

परदेशात २० वॉट-अवरच्या (साठवलेल्या विजेचं माप) वरची सेल वाहतुकीत धोकादायक मालाच्या कडक नियमात जाते, म्हणून बऱ्याच कंपन्या तिकडं बॅटरी लहान ठेवतात. नथिंग फोन ३ बघा, बाहेर ५१५० एमएएच, भारतात ५५००. मला अर्धा सेंटीमीटरचा पातळ फोन नकोच, जाड द्या पण दोन दिवस चालू द्या.

पोवईनाका (सातारा)
दोघं पण आजच्यावरून २०३० सांगताय. फ्लॅट टीव्ही पहिल्यांदा आला तेव्हा आपल्याकडं कुणी घेणार नाही असंच वाटायचं, आता वाडीवस्तीवर भिंतीला लागलाय. टेक्नोनं २०२३ लाच पुस्तकासारखा उघडणारा फोन ८८,८८८ ला आणला, डबीसारखा मिटणारा फ्लिपवाला ४९,९९९ ला. पाच वर्षांत हाच प्रकार चाळीस हजारात येईल आणि मग एकाच खिशात दोन्ही मावतंय तर वेगळा टॅबलेट कशाला घ्यायचा?

कृष्णाकाठ
@पोवईनाका सॅमसंगचा पहिला फोल्ड २०१९ ला १,६४,९९९, सातवा २०२५ ला १,७४,९९९. सहा वर्षांत उतरला कुठं? आणि तो सातवा आयपी४८ आहे (धूळ-पाण्यापासून बचावाचा नंबर), त्यातला ४ म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठा कण अडवणार, धुळीची हमी नाही. आमच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला एक तास उभं राहा, स्पीकरच्या जाळीत पिवळी पूड बसते ती ब्रशनं पण निघत नाही. बिजागरीत गेली तर?

पोवईनाका
गुगलचा पिक्सेल १० प्रो फोल्ड आयपी६८ आहे, धूळबंद. तुमचा धुळीचा मुद्दा २०२५ लाच संपला की.

कृष्णाकाठ
१,७२,९९९ ला संपला. मी पंधरा हजारवाल्याचं बोलतोय.

गुरुजी_कोरेगाव
फोल्ड राहू द्या बाजूला, लेकरांचं कुणी बोलेना. घरात फोन एकच, वडील संध्याकाळी सातला आले की पोरं त्यावर पाठ बघणार, तेवढ्यात कुणाचा तरी कॉल येतो आणि अभ्यास संपला. ह्या घराला आठ-साडेआठ इंची टॅबलेटच पाहिजे, पण स्वस्तातले बरेच नुसते वायफायवाले. वाडीत वायफाय कुठून आणायचं? हॉटस्पॉट द्यायचा तर फोन वडिलांबरोबर रानात. म्हणून माझी मागणी साधी आहे, सगळ्यात स्वस्त टॅबलेटला पण सिम पाहिजे आणि पाच वर्षं अपडेट पाहिजेत. गुगलनं पिक्सेल ८ पासून, सॅमसंगनं एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिलाय, मग गरिबाच्या मशीनला दोनच वर्षं का?

बागायतदार_तासगाव
गुरुजी हे शंभर टक्के. रॅम ६ का ८ ह्यापेक्षा ह्यावर भांडलं पाहिजे.

पोवईनाका
अपडेटचं मान्य. पण किमती वाढतच जाणार हे नाही. मेमरीचा धंदा वर-खाली होतो, २०२३ ला दर इतके पडले की ह्याच कंपन्यांचा मेमरीचा धंदा तोट्यात गेला होता. नवीन कारखाने चालू झाले की परत पडतील. ज्याचा फोन चालतोय त्यानं आत्ता घेऊ नये.

बागायतदार_तासगाव
तुम्हाला थांबता येतंय. माझी बॅटरी दुपारी दोनला बसते आणि ऑक्टोबर छाटणी झाली की रोज फवारणीचं बघावं लागतं, माल निघेपर्यंत एक दिवस फोन बंद ठेवून चालत नाही. मी छाटणीच्या आधी घेणार, महाग तर महाग.