वुडस्टॉकचा आवाज चार लाखांपर्यंत कसा पोचला? सोलापुरात 3,000 लोकांच्या शोसाठी काय उचलावं?

बेसची_तार
सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की जानेवारीअखेर तुळजापूर रस्त्याकडच्या एका शेतात सहा बँडचा रॉक शो ठरतोय. दुपारी 2 ते रात्री 10, माणसं 3,000 धरलीत. जमीन काळी, उत्तरेकडे उतरती. मंडपवाले म्हणतात स्टेज वरच्या सपाटीवर टाका, टेम्पो थेट लागेल, आणि दोन्ही अंगांना डॉल्बीची भिंत उभी करा. मग 1969 साली अमेरिकेत वुडस्टॉक गावच्या संगीत महोत्सवात चार लाखांना ऐकू कसं गेलं? तिथलं काय घ्यावं, काय टाळावं? नुसतं 'पीस अँड लव्ह' नको, आकडे सांगा.

फेडर_खाली
आधी एक दुरुस्ती. वुडस्टॉक वुडस्टॉक गावात झालंच नाही. ते झालं तिथून साधारण 70 किलोमीटरवर, बेथेलला, मॅक्स यास्गर यांच्या 600 एकरांच्या दूधधंद्याच्या शेतावर. आधीची जागा वॉलकिलची. तिची परवानगी 15 जुलैला हुकली आणि शो होता 15 ऑगस्टला. पण घाईत मिळालेली ही जागा परातीसारखी होती. तळाला स्टेज, समोर चढण, चढणीवर माणसं. तुमच्या मंडपवाल्यांना उत्तर हेच आहे: स्टेज खाली, लोक वर. टेम्पोसाठी मुरूम टाका.

साउंड बिल हॅन्ली यांचं होतं. मरीन प्लायच्या पेट्या, एकेक सहा फूट उंच, जवळपास चार फूट खोल, तीन फूट रुंद, वजन अर्धा टन. प्रत्येकीत जेबीएल कंपनीचे 15 इंची चार स्पीकर, वरच्या पट्टीसाठी अल्टेकचे हॉर्न. हे सगळं 70 फुटी मनोऱ्यांवर चढवलेलं. तयारी दीड-दोन लाख लोकांची होती, ऐकलं त्याच्या दुपटीने.

जमिनीवरची भिंत का नको, ते बघा. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. पेटी जमिनीवर असेल तर 5 मीटरवरच्या आणि 80 मीटरवरच्या माणसात 24 डेसिबलचा फरक पडतो. पुढच्याचे कान फाटतात आणि मागचा "आवाज वाढवा" म्हणून ओरडतो. तीच पेटी 8 मीटर वर टांगली तर पुढच्याचं अंतरही 8 मीटर होतं आणि फरक 20 वर येतो. शिवाय तोंड मागच्या रांगांकडे वळवलं की पुढचे झोताच्या खाली राहतात, आणि माणसांची डोकी वरची पट्टी खात नाहीत. पुढच्या पाच-सहा रांगांसाठी स्टेजच्या काठावर छोट्या पेट्या वेगळ्या ठेवा.

3,000 लोकांना 45 मीटरवर डिलेचे (मागच्यांसाठी, मुद्दाम उशिराने वाजणाऱ्या पेट्यांचे) दोन मनोरे पुरतात. हिशेब: आवाजाचा वेग 331 + (0.6 × तापमान). संध्याकाळी 20 अंशांना 343, म्हणजे 45 मीटरला 131 मिलिसेकंद. त्यात 10 ते 15 वाढवा, म्हणजे आवाज स्टेजवरूनच येतोय असं कानाला वाटतं. दुपारी 32 अंशांना 128-129 येतात, त्यामुळे एकदा लावलेला आकडा रात्रीही चालतो. अंतर पावलांनी नको, टेपने मोजा.

एक गोष्ट लोक विसरतात. जानेवारीत रात्री जमीन लवकर गार होते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज खाली वाकून लांब जातो. दुपारी पलीकडच्या वस्तीला जे ऐकू येत नव्हतं ते आठनंतर जातं. म्हणून सात वाजता सबचा (खर्जाच्या पेट्यांचा) फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, 3-4 डेसिबल खाली. नियमाने 10 ला लाउडस्पीकर बंद, म्हणजे शेवटचं गाणं 9:40 ला. वेळापत्रक कसं घसरतं ते वुडस्टॉकमध्येच दिसतं. रविवारी संपायचा कार्यक्रम गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने सोमवारी सकाळी वाजवून संपवला, तोवर निम्म्याहून कितीतरी जास्त लोक निघून गेले होते.

तीन_फेज
विजेकडे कुणी बघत नाही. वुडस्टॉकला स्टेजमागे तीन ट्रान्सफॉर्मर होते, 2,000 अँपिअर देणारे. तरीही पावसात ग्रेटफुल डेड या बँडच्या वादकांना झटके बसले, कारण अर्थिंग धड नव्हतं. गिटारची तार हातात, ओठ माईकच्या जाळीला, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक. करंट ओठातून जातो.

साउंडला एक जनरेटर, लाइटला दुसरा. एकाच मशीनवर टाकलं तर डिमर हलला की स्पीकरमध्ये गुणगुण येते. स्टेजवरचे सगळे अँप, कीबोर्ड आणि मिक्सर मात्र एकाच साउंड जनरेटरवरून, एकाच अर्थवर. वाद्यांच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

अर्थचा खड्डा आदल्या दिवशी करा. मीठ-कोळसा घालून बादलीभर पाणी जिरवा. जानेवारीत काळी जमीन भेगाळते, सळईभोवती पोकळी राहते आणि टेस्टर 20-30 ओहम दाखवतो. 5 च्या खाली येईपर्यंत पाणी घाला, नाही आलं तर दोन मीटरवर दुसरी सळई ठोका. हे फोडणीच्या अंदाजाने करायचं काम नाही, टेस्टर भाड्याने आणा.

आणि बँड बदलताना वेळ वाचवायला फिरतं स्टेज करू नका. वुडस्टॉकवाल्यांनी केलं होतं, वजनाने चाकं मोडली. 8 × 8 फुटांचे दोन ढकलते चौथरे पुरतात: एकावर ड्रम वाजत असताना दुसऱ्यावर पुढच्याचे लावून ठेवा. चाकं ब्रेकवाली, प्रत्येकी 250 किलोची.

चटणी_भाकरी
वुडस्टॉकचं खरं अपयश कुंपण. महिना हातात, माणसं कमी. स्टेज पुरं करायचं की कुंपण-तिकीटखिडक्या, यात स्टेज जिंकलं. शुक्रवारच्या आधीच हजारो लोक येऊन बसले होते, मग फुकट जाहीर करण्यावाचून इलाज नव्हता. 18 डॉलरची 1,86,000 आगाऊ तिकिटं विकूनही खड्डा पडला. सावरलं ते 1970 च्या सिनेमाने. तुमचा सिनेमा निघणार नाही, तेव्हा कुंपण आधी.

बाहेर पडायच्या वाटा: सपाटीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 82 माणसं जातात. 3,000 लोक आठ मिनिटांत काढायचे तर 4.6 मीटर लागतात. अडीच मीटरची तीन दारं ठेवा, म्हणजे एक अडलं तरी दोनांत 5 मीटर मिळतात. पिण्याचं पाणी माणशी 3 लिटर, म्हणजे 9,000. पाच हजारांचे दोन टँकर, दोन टोकांना. 1999 सालच्या वुडस्टॉकला तापलेल्या डांबरावर पाण्याची बाटली 4 डॉलरला विकली होती आणि शेवट जाळपोळीत झाला. पाणी फुकटच द्या. संडास शंभरी एक धरून 30, मुताऱ्या वेगळ्या.

खाण्यात हॉग फार्मवाल्यांची (1969 ला तिथे लोकांना जेवू घालणाऱ्या कम्यूनची) युक्ती घ्या: थोड्या भांड्यांत, पटकन वाढता येईल असं. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. ताट नको, चमचा नको, उरली तर आठवडाभर टिकते.

बेसची_तार
स्टेज खाली घेतो. पण वुडस्टॉकसारखी चढण आणि काळी माती, वरून अवकाळी आला तर? पाणी सगळं स्टेजखालीच येईल की.

तीन_फेज
येणारच. बॅरिकेडच्या स्टेजकडच्या बाजूला, तीन फूट सोडून, दीड फूट खोल चर मारा आणि दोन्ही टोकांनी उताराला काढून द्या. लोकांच्या बाजूला चर नको, अंधारात पाय मोडतील. केबल चरावरून पाइपातून न्या. स्टेजच्या प्रत्येक पायाखाली दीड फुटाची चौरस, दोन इंच जाड फळी घाला, कारण काळी माती भिजली की एक पाय खचतो, दुसरा नाही. आणि तुमचा उतार उत्तरेला, म्हणजे वादकांचं तोंड दक्षिणेला. चार वाजल्यापासून ऊन त्यांच्या उजव्या डोळ्यात येणार. त्या अंगाला छतापासून कनात सोडा.

फेडर_खाली
कनात पेटीच्या तोंडापुढे येऊ देऊ नका म्हणजे झालं. आणि 15 ऑगस्टच्या रात्री तिथे रविशंकर आणि अल्लारखाँ भर पावसात वाजवत होते, तेव्हा माईक-केबलच्या जोडांना प्लास्टिकच्या पिशव्या आधीच बांधून ठेवा.